गळा गेला, गाणे राहिले

आपल्या घरांतून अगदी सहज उच्चारली जाणारी, पण ज्याच्याविषयी उच्चारली त्याच्या मनात जन्मभर रुतून बसणारी काही वाक्ये असतात. ‘हिला गळा नाही’ हे त्यांतलेच एक. ‘याचे डोके गणितात चालायचे नाही’, ‘हिच्या हाताला चव नाही’, ‘हा कसला धंदा सांभाळतो!’ ही त्याची भावंडे. बोलणारा बहुधा दुष्ट नसतो. तो मामा असतो, शेजारच्या काकू असतात, कधी शाळेतले मास्तर असतात. जेवता जेवता ते बोलून जातात आणि हात धुवायला उठेपर्यंत विसरूनही जातात. ज्याच्यासंबंधी बोलले तो मात्र विसरत नाही.

इंदुरात गेली चाळीस वर्षे मी घरी गाणे शिकवीत आले आहे. दरवर्षी गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या कार्यक्रमांसाठी मुलांची निवड होते. निवड झालेली मुले आनंदाने उड्या मारीत येतात, आणि न झालेल्यांपैकी दोघे-तिघे पुढच्या आठवड्यापासून शिकवणीला येईनासे होतात. मागाहून त्यांची आई भेटते आणि संकोचाने सांगते, “बाई, तिच्यात ते नाही असे सगळेच म्हणतात. मग उगीच तिचाही वेळ आणि तुमचाही.” त्या माउलीला मी काय सांगते ते आज सर्वांसाठी लिहावे असे वाटले. विषय गाण्याचा असला तरी तो केवळ गाण्याचा नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

पहिली गोष्ट अशी की, शंका घेणारा मनुष्य खोटे बोलत असतो असे समजण्याचे कारण नाही. चिकाटीचे गोडवे गाणारे लेख वाचले म्हणजे वाटते की, ज्यांनी ज्यांनी शंका घेतली ते सारे आंधळे किंवा मत्सरी होते. वस्तुस्थिती तशी नसते. शंका घेणाऱ्याने जे पाहिलेले असते ते पुष्कळदा खरेच असते. त्याची गफलत होते ती पुढच्या पायरीवर. ‘हिचा आवाज फिरत नाही’ हे निरीक्षण झाले. ‘म्हणून हिने गाऊ नये’ हा निकाल झाला. निरीक्षण करणे त्याच्या हाती असते. निकाल देणे त्याच्या हाती नसते. हा भेद ज्यांना कळला त्यांनी काय करून दाखविले हे पाहावयाचे तर आपल्या माळव्याइतका उत्तम प्रांत नाही. आवाज गेला असे जगाने ठरविलेल्या तीन थोर गवयांची चरित्रे या मातीला लागून आहेत.

पहिले भास्करबुवा बखले. बुवांचा जन्म 1869 सालचा, बडोदे संस्थानातल्या कठोर या गावचा. घरची गरिबी, अंगात गाणे. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनट म्हणून ते दाखल झाले आणि त्यांच्या गोड आवाजाचा बोलबाला झाला. मंडळीचा मुक्काम इंदुरास असता इथल्या दरबारचे थोर बीनकार बंदेअलीखाँ यांनी त्या मुलाचे गाणे ऐकले आणि त्याला गंडा बांधला, असे सांगतात. पुढे मिसरूड फुटण्याचे वय आले आणि आवाज फुटला. नाटक मंडळीच्या दृष्टीने त्या मुलाचे मोल तेथेच संपले. ज्याच्या पदांना टाळ्या पडत त्याच्या वाट्याला उपेक्षा आली.

आता विचार करा, मंडळीच्या चालकांचे निरीक्षण चुकले होते काय? मुळीच नाही. आवाज खरोखरच फुटला होता, आणि प्रेक्षक तिकिटाचे पैसे देऊन येतात, ते फुटलेला आवाज ऐकण्यासाठी नव्हे. बुवांनी त्या निरीक्षणाशी भांडण मांडले नाही. ते मंडळी सोडून बडोद्यास फैजमहंमदखाँ यांच्याकडे गेले आणि नव्या, मोठ्या माणसाच्या आवाजाला मुळापासून घडवू लागले. पुढे आग्रा घराण्याचे नत्थनखाँ, आणि त्यांच्यानंतर अल्लादियाखाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. स्वतः नावारूपाला आल्यावरही दुसऱ्यासमोर शिष्य म्हणून बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्या रंगभूमीला त्यांचा आवाज नको झाला होता, त्याच रंगभूमीवर 1916 साली ‘स्वयंवर’ आले तेव्हा त्यातल्या पदांच्या चाली भास्करबुवांच्या होत्या आणि त्या गाणारे बालगंधर्व त्यांचे शिष्य होते. पुण्याचा भारत गायन समाज ही संस्थाही त्यांचीच. 1922 साली बुवा गेले. देवगंधर्व ही त्यांची ओळख मात्र अजून टिकून आहे.

दुसरे उदाहरण बुवांच्या गुरूंचेच. अल्लादियाखाँ 1855 साली जयपूर संस्थानातल्या उनियारा येथे जन्मले. घराणे धृपदियांचे, तालीम चुलत्यांची, आवाज दमदार. रतलामच्या बाजूला आमलेटा नावाचे छोटे संस्थान होते. तिथल्या दरबारात गाण्याचा अतिरेक झाला आणि त्यांचा आवाज बसला. तो बसला तो काही केल्या पूर्वपदावर येईना. गवयाचा आवाज बसणे म्हणजे काय, हे ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच कळेल. पुढे आवाज थोडाफार सुधारला, पण पूर्वीचे तेज परत आले नाही.

खाँसाहेबांच्या पुढे दोन वाटा होत्या. गेलेल्या आवाजासाठी हळहळत उरलेले आयुष्य काढावे, किंवा उरलेल्या आवाजात काय मावते ते शोधावे. त्यांनी दुसरी वाट धरली. आवाजाच्या चमकेवर विसंबून चालणार नाही हे ओळखून त्यांनी स्वरांची गुंफण लयीशी अशी घट्ट विणली की, ऐकणाऱ्याचे लक्ष गळ्याकडे न जाता आकृतीकडे जावे. वक्र, पेचदार ताना, एका आवर्तनातून दुसऱ्यात अखंड वाहणारी आकाराची गती, अनवट रागांचा मोठा साठा, अशी ही गायकी. आज आपण तिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी ती विद्या पुढे नेली. जाणकार असे मानतात की, आमलेट्याला आवाज बसला नसता तर ही गायकी या रूपात जन्मलीच नसती. आणि फुटलेल्या आवाजाचे भास्करबुवा शिकायला गेले ते बसलेल्या आवाजाच्या अल्लादियाखाँकडे, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. आवाज चांगला असलेल्यांची त्या काळी काही वाण नव्हती. बुवांना हवे होते ते आवाजाच्या पलीकडचे.

तिसरे उदाहरण तर आपल्या अंगणातले. इंदुराहून तासाभरात देवास येते. तिथे टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ नावाचे घर आहे. कुमार गंधर्व मूळचे बेळगावजवळच्या सुळेभावीचे. जन्म 1924 सालचा. लहानपणीच त्यांची अद्भुत गायक म्हणून ख्याती झाली आणि पुढे मुंबईस देवधर मास्तरांकडे त्यांचे शिक्षण झाले. 1947 साली भानुमतीबाईंशी लग्न झाले, आणि लगेच क्षयाने गाठले. हवा मानवेल म्हणून जानेवारी 1948 मध्ये ते देवासला आले. त्या वेळी वय अवघे चोवीसच्या आतले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. पाचेक वर्षे हा गवई अंथरुणावर होता.

इथेही शंका घेणारे खोटे नव्हते. फुफ्फुसाचा रोग आणि ख्यालगायन यांचा मेळ कसा बसावा? त्यांची शंका वैद्यकाच्या आधारावर उभी होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 साली अमेरिकेत सापडले आणि क्षयावर पहिल्यांदाच खात्रीचा इलाज हाती आला; 1952च्या सुमारास कुमारांना त्याचा गुण आला. हे मी मुद्दाम लिहिते. निव्वळ इच्छाशक्तीने रोग बरा होत नाही, आणि तसे सांगणारे लोक आजाऱ्यांवर फार अन्याय करतात. कुमार जगले ते औषधाने, आणि भानुमतीबाईंनी नोकरी करून घर चालविले, शुश्रूषा केली, त्यामुळे. त्यांची स्वतःची करामत आहे ती त्या पाच वर्षांत त्यांनी काय केले, यात. गाता येत नव्हते, पण ऐकता येत होते. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायांची गाणी, दारी येणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने, लग्नातल्या, पावसाळ्यातल्या माळवी धुना ते ऐकत राहिले. त्या धुनांतून रागांची बीजे वेचली. मालवती, संजारी, लगनगंधार असे राग त्यातूनच पुढे आले, आणि 1965 साली ‘अनूपरागविलास’ ग्रंथ प्रसिद्ध झाला.

गाणे परत सुरू झाले तेव्हा एका फुफ्फुसाचे बळ उणावलेलेच होते. लांब दमाच्या जागा पूर्वीसारख्या घेता येईनात. मग त्यांनी लहान, धारदार, अचूक स्वरवाक्ये घेतली आणि मधल्या शांततेलाही गाण्यात जागा दिली. त्यावरही आक्षेप आलेच. हे गाणे तुकड्यातुकड्यांचे आहे, यांना घराणे नाही, विलंबिताचा विस्तार नाही, असे जाणत्यांनीही म्हटले. आक्षेपातले निरीक्षण घटकाभर मान्य करू. पण निकाल? त्यांच्या मैफली ऐकलेले श्रोते आजही इंदुरात आहेत, त्यांना विचारावे. 1990 साली पद्मविभूषण झाले, 1992 साली देवासलाच त्यांनी देह ठेवला, आणि त्या गायकीची चर्चा आजतागायत थांबलेली नाही.

या तीन चरित्रांतून मला जे दिसते ते असे. तिघांनीही हट्ट केला नाही. हट्टी माणूस त्याच बंद दारावर डोके आपटीत राहतो आणि त्यालाच चिकाटी म्हणतो. भास्करबुवांनी बालनटाचा आवाज परत आणण्याचा प्रयत्न केला नाही. अल्लादियाखाँनी आमलेट्यापूर्वीच्या गळ्याची नक्कल केली नाही. कुमारांनी पूर्वीचा लांब दम असल्याचे सोंग आणले नाही. जे गेले ते गेले, हे त्यांनी आधी मानले. मग कामाची रीत बदलली, काम सोडले नाही. दुसरे म्हणजे तिघांनाही वेळ लागला, आणि तो महिन्यांचा नव्हे, वर्षांचा. तिसरे म्हणजे प्रत्येकाच्या पाठीशी निदान एक माणूस होते. कुठे एक उस्ताद, कुठे एक राजा, कुठे एक पत्नी. सगळे जग विरुद्ध असताना एकट्याने टिकून राहिल्याच्या कथा ऐकायला बऱ्या वाटतात. प्रत्यक्षात त्या कथेच्या कोपऱ्यात कोणी तरी ताट वाढून बसलेले असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. ‘बाई, हे तिघे असामान्य होते. त्यांच्यापाशी प्रतिभा होती. आमच्या मुलांनी दहा वर्षे घासली तरी ती कुमार गंधर्व थोडीच होणार? ज्यांनी चिकाटी धरली आणि ज्यांच्या हाती काही लागले नाही, त्यांची चरित्रे कोण लिहितो?’ खरे आहे. ती कोणी लिहीत नाही. म्हणून त्यांतल्या एकीची हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती मला ठाऊक आहे.

मी तेरा वर्षांची असताना एका जाणत्या गृहस्थांनी माझे गाणे ऐकून माझ्या वडिलांना सांगितले की, मुलीचा आवाज जाड आहे, फिरत तर नाहीच. हिला शिवणकाम शिकवा, उपयोगी पडेल. बाबांनी ते ऐकून घेतले आणि घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “तुला गायचे आहे ना? मग गा. शिवणही शीक.” मी दोन्ही शिकले. त्या गृहस्थांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. माझ्या आवाजात फिरत आजही नाही. बरोबरीच्या मुली काळी चारमध्ये गात, मला काळी दोनला उतरावे लागे. द्रुत तानेच्या वाटेला मी गेले नाही; आलाप, बंदिशींचे पाठांतर आणि रागांचे चलन यांवर वर्षे घालविली. रेडिओवर मी कधी गायले नाही, माझ्या मैफलीची बातमी कुठल्या पत्रात आली नाही. मग काय मिळाले? पहाटे उठून तंबोरा जुळविण्याचे सुख मिळाले. थोरांचे गाणे ऐकताना ते कुठे वळले आणि का वळले, हे कळू लागले. आणि ज्यांना इतरांनी नाकारले अशा मुलांना शिकवावे कसे, हे मला समजले. कारण ती वाट मी स्वतः पायी चालले होते. ज्याचा गळा जन्मतःच धावतो त्याला दुसऱ्याचा का अडतो हे सांगता येईलच असे नाही. एवढी मिळकत तोट्याची आहे असे ज्याला वाटत असेल त्याने खुशाल वाटून घ्यावे.

तेव्हा प्रश्न ‘मूल मोठे होईल का’ असा विचारूच नये. ते कोणालाच सांगता येत नाही. विचारावयाचे ते हे की, त्याला ते काम आवडते का, आणि कालच्यापेक्षा आज त्याला थोडे अधिक कळते का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर तिसऱ्याच्या शंकेने शिकवणी थांबवू नये. आणि उत्तर प्रामाणिकपणे नकारार्थी असेल, मुलाचे मनच दुसरीकडे ओढत असेल, तर सोडण्यातही लाज नाही. लोक म्हणतात म्हणून सोडणे वेगळे आणि मन भरले म्हणून सोडणे वेगळे.

शंकेचीही पारख करावयास हवी. मी एक साधी कसोटी लावते. शंका घेणाऱ्याला विचारावे, ‘मग उद्या सकाळी मी काय करू?’ ज्याला उत्तर देता येते, षड्ज स्थिर कर, श्वास पोटातून घे, अमुक पलटा सावकाश म्हण, त्याची शंका डोक्यावर घ्यावी. तो गुरूच समजावा. ज्याच्यापाशी ‘सोडून दे’ याखेरीज उत्तर नाही त्याला नमस्कार करून आपल्या कामाला लागावे.

शंकेचे हे दुःख आपल्या लोकांना नवे नाही. पिढ्यान् पिढ्या होळकरशाहीत राहिलेल्या आपल्या मराठीला पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी किती वेळा नाक मुरडले असेल! ‘तुमची मराठी हिंदीच्या वळणाची’ हे निरीक्षण खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भा. रा. तांबे मुंगावलीस जन्मले, देवास-ग्वाल्हेरकडे वाढले, नोकऱ्या केल्या आणि 1941 साली ग्वाल्हेरलाच गेले. मराठी भावकवितेत त्यांची जागा कुठे आहे हे वाचकांना सांगावयास नको. सरहद्दीबाहेर राहून भाषा जपता येते का, ही शंका त्यांच्या कवितेने कधीच मोडीत काढली. मग तीच शंका आपण आपल्या नातवंडांवर का घ्यावी? नातू ‘मी पाणी पिऊन घेतलो’ म्हणाला की घरभर हशा पिकतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपल्याशी हिंदीतच बोलू लागतो. हसण्याऐवजी बरोबर वाक्य एकदा शांतपणे म्हणून दाखवावे. तो पुन्हा बोलेल.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. तेरा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो. मुलींचाही थोडा उतरतो. ही निसर्गाची घडण आहे, दैवाचा कोप नव्हे. त्या काळात वरच्या स्वरांचा आग्रह धरू नये, पट्टी उतरवून मंद्र-मध्यात हलके गाऊन घ्यावे, आणि मुलाला तबल्याची किंवा पेटीची संगत लावावी. पण शिकवणी बंद करू नये. किती चांगली मुले त्या दोन वर्षांत गाण्यातून उठून जातात याची गणती नाही. दुसरी गोष्ट मंडळांच्या कार्यकर्त्यांना. कार्यक्रमात तयारीच्या मुलांना जरूर पुढे आणा, पण एक गाणे असे ठेवा की ज्यात यायला निवड नाही. दहा मिनिटे थोडी बेसूर गेली तर गणपतीबाप्पा रागावणार नाहीत.

आणि ज्यांना आज कोणी ‘तुझ्यात ते नाही’ असे म्हटले आहे त्यांना एवढेच सांगणे की, बोलणाऱ्याचे म्हणणे नीट ऐका. त्यातले खरे तेवढे घ्या, ते तुमच्या उपयोगाचे आहे. निकाल मात्र त्याला परत करा. तो देण्याचे काम त्याचे नाही, आणि खरे सांगायचे तर अजून तुमचेही नाही. ते काळाचे काम आहे, आणि काळाला घाई नसते. तोवर सकाळी उठावे, तंबोरा जुळवावा, आणि षड्ज लावावा.